शून्याची नोंद

मृगाचा पाऊस लागला, की हिंगोलीजवळ कयाधूकाठच्या एका डबक्यापाशी मी रात्री वही घेऊन बसतो. किती बेडूक ओरडतात ते ऐकायचे आणि टिपायचे. ही बिनपगारी चाकरी मी आपखुशीने पत्करली आहे. १९९८ साली अमेरिकेत ‘फ्रॉगवॉच’ या नावाने नागरिकांच्या सहभागाने असेच काम सुरू झाले. बेडूक कातडीवाटेही श्वास घेतो. पाण्यातले विष त्याच्या अंगात सहज भिनते. म्हणून त्याच्या आवाजावरून डबक्याची प्रकृती कळते.

यंदा चांगला पाऊस होऊनही एका रात्री डराव म्हणून ऐकू आले नाही. मनात आले, गेल्या वर्षीचाच आकडा लिहावा. बेडूक थोडेच साक्षीला येणार आहेत! आणि तिथेच मी ओशाळलो. माणसाला फसवले, तर तो निदान भांडायला तरी येतो. ज्याला भांडता येत नाही, त्याच्याविषयी खोटे लिहिणे मला अधिक नीचपणाचे वाटले. मी शून्य लिहिले.

घरी नात म्हणाली, “आजोबा, बेडूकच नव्हते, तर बसलात कशाला?”

“नाहीत, हेसुद्धा कुणीतरी जाऊनच पाहावे लागते ना, बाळ!”