मीटिंगसाठी कुणाची रात्र?

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात आणि हिंजवडीतल्या कित्येक घरांत झोप एक तास पुढे ढकलली जाते. कॅलिफोर्नियातली सकाळी नऊची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेनऊला असते, ती साडेदहाला जाते. पुण्यात सूर्य नेहमीसारखाच मावळलेला असतो. बदल कॅलेंडर आपोआप करतं, त्यामुळे इथल्यांना विचारायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही.

झूम, टीम्स, स्लॅक यांनी अंतर मिटवलं, असं आपण सहज म्हणतो. मिटलंही. पण दोन गोलार्धांतल्या माणसांना एकाच वेळी बोलायचं असेल, तर कुणाची तरी रात्र खर्ची पडणारच. ती कुणाची, हे कुठलंही ॲप ठरवत नाही, माणसं ठरवतात.

‘त्याचाच तर पगार घेता!’ हे उत्तर तयार असतं. मला ते अर्धंच पटतं. पगार रात्रीचा असेल तर तसं करारात लिहा. ‘आपण सगळे एकच टीम’ कशाला म्हणायचं? एका टीमने ओझं आळीपाळीने उचलावं. तशी सोयही आहे. उन्हाळ्यात तिकडचे लोक संध्याकाळी साडेसातला बसले, तर इथे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे आठ वाजलेले असतात. (फक्त शुक्रवार टाळावा, नाहीतर आपला शनिवार गेला.) पण तिकडे ती मुलांना झोपवायची वेळ असते. इथेही मुलं झोपवावी लागतातच की.

कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२४पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं. असा कायदा हवाच. पण रात्रीची मीटिंग बहुतेकदा ‘ऐच्छिक’ असते आणि न येणाऱ्याचा चेहरा बढतीच्या वेळी कुणाला आठवत नाही. अशा भीतीतून आलेल्या होकाराला मी तरी होकार म्हणणार नाही.

दुसरी वाट जुनीच आहे. लिनक्सचं काम १९९१पासून जगभरातली माणसं मुख्यतः लिहून करत आली आहेत. एकाने बदल ईमेलने पाठवायचा, दुसऱ्याने तो आपल्या सकाळी वाचायचा. २००५मध्ये गिट तयार झालं तेही याच कामासाठी. यात तोटे आहेत. सफाईदार इंग्रजी लिहिणाऱ्याचं जास्त ऐकलं जातं, आणि साध्या ‘हो की नाही’साठी अख्खा दिवस जातो. तरीही लिहिणारा समोरचा झोपलेला असेल हे धरून चालतो. मीटिंग लावणाऱ्यावर ती सक्ती नसते.

आणि या सगळ्या हिशेबात टीमबाहेरची माणसं येतच नाहीत. वन बीएचकेत कॉल चालू असला की टीव्ही बंद होतो, सासूबाई कुजबुजत बोलतात. साडेदहाची मीटिंग बारापर्यंत लांबली, तरी सकाळी साडेसहाला डबा करायचाच असतो. अनेक घरांत तो करणारी बाई त्याच मीटिंगमध्ये बसलेली असते.