बाकावरील सत्संग



शाळेतून आलेल्या मुलाला आपण विचारतो, "आज बाईंनी काय शिकविले?" शेजारी बसणाऱ्याने काय शिकविले, हे मात्र कोणी विचारीत नाही. वास्तविक दिवसातील कितीतरी वेळ मूल त्याच्याच सोबतीत असते.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी गोट्या खेळणाऱ्या मुलांचे बारकाईने निरीक्षण केले व १९३२ साली मुलांच्या नीतिविचारावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे की, मोठ्यांनी घातलेला नियम मूल धाकाने पाळते. पण नियम सर्वांच्या संमतीचा असतो, ही समज त्याला बरोबरीच्या मुलांत वावरताना येते. घरी आई मुद्दाम हरते, वर्गमित्र हरत नाही. म्हणून आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हार पचविणे, दुसऱ्याचे ऐकणे, भांडण मिटवून पुन्हा खेळणे, हे गुण सोबत्यांतच अंगी बाणतात.

बाराव्या शतकातील कल्याणचा अनुभवमंटप आठवा. शून्यपीठावर अल्लमप्रभू, समोर परीट माचय्या, नावाडी चौडय्या. तेथे जन्म विचारला जात नसे, अनुभव विचारला जाई. अक्कमहादेवी आली तेव्हा प्रभूंनी तिला कठोर प्रश्न केले, उत्तरे ऐकली आणि तिचा गौरव केला, असे परंपरा सांगते. शरण असे एकमेकांच्या संगाने घडले. आजही तुमकूरच्या सिद्धगंगा मठात निरनिराळ्या जातिधर्मांची हजारो मुले एकत्र राहतात, एकत्र जेवतात, सायंकाळी एकत्र प्रार्थना करतात.

आणि आपल्या घरी? मुलाने नव्या मित्राचे नाव सांगितले की आपला पहिला प्रश्न, "आडनाव काय त्याचे?" भिंतीवर बसवण्णांचे चित्र, गळ्यात इष्टलिंग आणि ओठांवर हा प्रश्न! मूल काही बोलत नाही, पण माणूस कशाने मोजायचा ते शिकते. दुसऱ्या दिवशी ते त्याच बाकावर थोडे सरकून बसते. अनुभवमंटपाने जे जोडले, ते आपण एका प्रश्नाने तोडले.

वाईट संगतीचे भय खोटे नाही. वर्गात शिव्याही शिकता येतात, एखाद्याला एकटे पाडून हसणेही शिकता येते. म्हणून संग जरूर पारखावा, पण आचरणावरून. तो मित्र खरे बोलतो का? दुबळ्याला छळतो की सांभाळतो? आणि हेही विसरू नका की, आपले मूल दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाचा संग आहे. त्या घरच्या आईलाही तीच काळजी आहे.

तेव्हा आज रात्री इष्टलिंगपूजा आटोपल्यावर मुलाला जवळ घ्या आणि दोनच गोष्टी विचारा. "आज डब्यातले कोणाला दिलेस? वर्गात एकटे कोण बसले होते?" पहिल्या प्रश्नाने दासोहाचा संस्कार होईल. दुसऱ्याने उद्या कदाचित एका एकट्या मुलाच्या शेजारी कोणीतरी जाऊन बसेल. तो बाकच त्या दोघांचा अनुभवमंटप होय.