न मागितलेलं कर्ज

यश चोप्रांचा ‘डर’ १९९३ साली आला. आमच्या बीडकडे आजही कौतुक त्यातल्या शाहरुखचंच. किरणशी लग्न करणारा सनी देओल कुणाच्या खिजगणतीत नाही. मी पडलो बँकेतला कारकून. मला प्रश्न असा, की किरणने अर्ज केला होता का? ना अर्ज, ना सही, आणि हा गडी फोनवर अडखळत अडखळत व्याजासकट वसुली करतोय! कुणी आपल्यावर प्रेम केलं, एवढ्यानं आपण त्याचे देणेकरी होतो काय? पाठलागासाठी वेगळं कलम यायला २०१३ साल उजाडलं: ३५४-ड. (‘डर’मधलाच ड असावा.)

परवा काउंटरवर एक गुरुजी म्हणाले, “पण खरं प्रेम होतं हो त्याचं!”

म्हटलं, “गुरुजी, असा जावई चालेल?”

गुरुजींनी पासबुक न भरताच परत घेतलं.