घराच्या आठवणीचं बिल

सिंगापूरला प्रोजेक्टसाठी गेलो, तेव्हा तिसऱ्या रविवारी माझी एक फिलिपिनो टीममेट मला ऑर्चर्ड रोडवरच्या लकी प्लाझात घेऊन गेली. ‘चल, आमचं घर दाखवते,’ म्हणाली. घर म्हणजे जॉलिबी. लाल कोट घातलेल्या हसऱ्या मधमाशीचं चित्र, आणि काउंटरसमोर न संपणारी रांग. रांगेत बहुतेक बायकाच. घरकामासाठी सिंगापूरला आलेल्या. आठवडाभर मालकाच्याच घरात राहायचं, सुट्टी मिळाली तर रविवारी इथे यायचं.

चिकन, भात, ग्रेव्ही. इथवर ठीक. मग तिने आग्रहाने स्पगेटी खायला लावली. ती गोड होती. म्हणजे अगदी गोड, आणि त्यात हॉटडॉगचे काप. माझा चेहरा बघून ती पोट धरून हसली. म्हणाली, आमच्याकडे वाढदिवसाला हीच लागते.

नंतर मी थोडं वाचलं. टोनी टान काक्तियोंग हा चिनी स्थलांतरितांचा मुलगा, केमिकल इंजिनियर (आपल्यातलाच!). त्याने 1975 मध्ये मनिलाजवळच्या कुबाओत आइस्क्रीमचं दुकान टाकलं. गिऱ्हाइकं गरम खाणं मागू लागली, म्हणून 1978 मध्ये जॉलिबी. 1981 मध्ये मॅकडोनाल्ड्स आलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं हे आता संपणार. संपलं नाही. उलट तिथल्या मॅकडोनाल्ड्सलाच पुढे स्पगेटी आणि चिकन-भात ठेवावा लागला. गंमत म्हणजे बर्गर काय, फ्राइड चिकन काय, ही अमेरिकेची चव. अमेरिकेने या देशावर जवळजवळ पन्नास वर्षं राज्य केलं. म्हणजे राज्यकर्त्यांचंच खाणं गोड करून घेतलं आणि ते ‘आपलं’ झालं. मला यात काही खोटं वाटत नाही. आपल्या पावाचं तरी दुसरं काय झालं?

पुढची वाढ नकाशावर बघा. 1998 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोशेजारचं डेली सिटी, 2015 मध्ये दुबई, 2018 मध्ये मिलान आणि लंडन. जिथे फिलिपिनो नर्स, खलाशी, मोलकरणी, तिथे आधी दुकान. आता गोरे लोकही रांगा लावतात, पण वाट या लोकांनी पाडली. आणि हे लोक उगाच पांगलेले नाहीत. 1974 च्या कामगार कायद्यापासून फिलिपिन्स सरकारच माणसं पद्धतशीर परदेशी पाठवत आलंय. आज सुमारे एक कोटी लोक बाहेर आहेत.

आता शेजारच्या टेबलावर या. तिथे एक बाई फोन बाटलीला टेकवून जेवत होती. स्क्रीनवर सहासात वर्षांचा मुलगा, त्याच्यासमोर तशीच लाल बादली. माझ्या टीममेटने समजावलं: इथून पैसे भरायचे, तिकडे चिकन घरपोच जातं. मग दोघं एकदम जेवतात.

मी गप्प झालो. आईपासून तुटलेल्या मुलाची भूकसुद्धा कुणाच्या तरी सेल्सच्या आकड्यात जमा होते, हे मला बरं वाटेना. कंपनीच्या 2017 च्या व्हॅलेंटाइनच्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. एकीत लग्नाच्या दिवशी शब्द देणारा मुलगा नवरा नसून नुसता मित्र निघतो. मीही रडलोय, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या पुढच्याच वर्षी, 2018 मध्ये, फिलिपिन्सच्या श्रम खात्याने याच कंपनीला कंत्राटदारांमार्फत घेतलेले सहा हजारांवर कामगार कायम करायचा आदेश दिला. तिकडे ‘एंडो’ नावाची एक जुनी खोड आहे: सहा महिने भरले की नोकरी कायम करावी लागते, म्हणून पाचव्या महिन्यात करार संपवायचा. घरी अशा नोकऱ्या असल्या, की आई विमानात बसते. मग परदेशात तिला घराची चव विकत मिळते.

मी हे सगळं तिला ऐकवलं. ती थंडपणे म्हणाली, ‘मग तिने काय करायचं? तुझ्या तत्त्वासाठी उपाशी बसायचं?’

उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही. एवढं मात्र कळतं, की त्या टेबलावरचा आनंद त्या बाईचा आहे, तिने कमावलेला. तो कंपनीने बनवला म्हणून खोटा ठरत नाही. चिकन विकून नफा कमावला, तर त्यालाही माझी हरकत नाही. हरकत ‘कुटुंब’ या शब्दाला आहे. कुटुंब म्हणवून घेतलंत तर मोजमापही कुटुंबाचंच लागणार. घरातल्या माणसाला कुणी पाचव्या महिन्यात बाहेर काढत नाही. मी स्वतः तेव्हा थर्ड-पार्टी पेरोलवर होतो, गळ्यात वेगळ्या रंगाचं कार्ड. ‘वी आर अ फॅमिली’वाला मेल मलाही यायचा. फॅमिलीच्या सहलीचा मेल यायचा नाही.

साडेसहाला ती बाई उठली. उरलेला तुकडा टिशूत गुंडाळून पर्समध्ये टाकला. फोन अजून चालू होता. मुलगा हाड चोखत तिला काहीतरी सांगत होता आणि ती मान हलवत मेट्रोच्या दिशेने चालू लागली.