दुष्परिणाम सांगणं ही हिंसा का?
कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांचे सगळे दुष्परिणाम रुग्णाला सांगावेत का? प्रश्न वैद्यकाचा दिसतो, पण भांडण सत्य आणि अहिंसेचं आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या 'सॅमसन' चाचणीचे निष्कर्ष २०२० साली आले. त्रासापायी स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभरात आलटून पालटून चार महिने ॲटोरव्हास्टॅटिन, चार महिने हुबेहूब दिसणारी औषधाविना गोळी आणि चार महिने रिकामी बाटली दिली. त्रासाची सरासरी नोंद औषधावर १६.३, खोट्या गोळीवर १५.४, काहीच न घेता ८. त्रास खरा होता, पण बहुतेक गोळीच्या धास्तीतून आलेला. ऐकलेली माहितीच दुखत असेल, तर गप्प राहणं हीच दया, असं कुणी म्हणेल. कर्णपर्वातला कौशिक त्याच्या बाजूने उभा करता येईल: सत्यव्रतापायी त्याने दरोडेखोरांना लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा सांगितला आणि नरकात गेला.

हा दाखला इथे लागू पडत नाही. कौशिकाने माहिती दिली मारेकऱ्यांना. इथे ती द्यायची ज्याचा देह पणाला लागलाय त्यालाच. शिवाय धोका निव्वळ मनाचा नाही. सेरिव्हास्टॅटिन हे याच कुळातलं औषध स्नायूंची नासधूस होऊन माणसं दगावल्यामुळे २००१ साली बाजारातून काढावं लागलं. आजच्या स्टॅटिनमध्ये असं फार क्वचित होतं, पण होतं. शहापूर-मुरबाडकडे पावसात दिवसभर वाकून भाताची आवणी करणाऱ्या बाईच्या मांड्या गोळीविनाही भरून येतात. त्यातलं गोळीचं दुखणं तिने ओळखावं कसं? कष्टाशी न जुळणारी जोराची दुखी, अंगातलं बळच गेलं, लघवी काळ्या चहासारखी झाली, तर लगेच दवाखाना. आणि दुसरं कुठलंही औषध सुरू होताना ही गोळी डॉक्टरांना दाखवायची. एवढं तिला तिच्या बोलीत सांगायला पाच मिनिटंही लागत नाहीत. कात्रीने कापून दिलेल्या पट्टीबरोबर माहितीपत्रक येत नाही, आलंच तर बारीक इंग्रजीत; तेवढ्यावर सांगितल्याचं पुण्य पदरात पाडून घेणं ही मला निव्वळ लबाडी वाटते.

घाबरून तिने गोळीच सोडली तर? हा आक्षेप खरा वजनदार, कारण हृदयविकाराचा झटका आवणी आटपायची वाट बघत नाही. पण भीती वाढते ती मापाविना सांगितलेल्या सत्याने. मोठ्या चाचण्यांच्या एकत्रित हिशेबात पहिल्या वर्षी हजारात सुमारे ११ जणांनाच गोळीमुळे जादा स्नायूदुखी झाली, हेही त्याच दमात सांगायला हवं. 'सॅमसन'मधल्या लोकांना शेवटी त्यांच्याच नोंदी उघड करून दाखवल्या. सहा महिन्यांनी पाहिलं, तर ६० पैकी ३० जणांची गोळी पुन्हा सुरू होती.