एक पूर्णांक एकोणीस

पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, नव्या विहिरीचं पाणी आधी जिभेवर ठेवून पाहतात. पण जीभ खारं की गोडं एवढंच सांगते. किती खारं, हे पिकाला कळतं, आणि ते कळेपर्यंत हंगाम हातचा गेलेला असतो. म्हणून पेरणीच्या आधी माती-पाणी परीक्षणाच्या खोलीत बाटल्यांची रांग लागते.

अशाच एका खोलीत नवी लागलेली मुलगी सकाळी ईसी मीटर, म्हणजे विद्युत वाहकतेवरून पाण्याचा खारेपणा मोजणारा मीटर, लावत होती. लिटरभर पाण्यात साधारण पाऊण ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असलेलं प्रमाण द्रावण बीकरमध्ये होतं. २५ अंशांवर त्याची वाहकता सेंटिमीटरला १४१३ मायक्रोसीमेन्स यायला हवी. मीटर ११८७ वर थांबला. बाहेर माणसं ताटकळली होती. तिने कॅलिब्रेशनचं बटण दाबलं. पडद्यावर १४१३ उमटलं आणि काम सुरू झालं.

दुपारी निवृत्तीला आलेले काका आले. आकडे चाळताना ते एका विहिरीपाशी अडकले : २२६१, शेरा ‘ओलितास अयोग्य’. सिंचनाच्या पाण्याच्या जुन्या प्रतवारीत २२५० च्या वर शेवटचा, सगळ्यात खारा वर्ग लागतो.

काकांनी मीटरमधला सेल कॉन्स्टंट काढला. १.१९.

“प्रोबवर काय छापलंय?”

“एक.”

“दोन इलेक्ट्रोडांमधलं अंतर भागिले त्यांचं क्षेत्रफळ, एवढाच हा आकडा. धातू तोच, अंतर तेच. मग रात्रीतून एकोणीस टक्के कसा वाढला?”

“पण काका, द्रावणात तर बरोबर १४१३ दाखवतोय.”

“दाखवणारच. तू त्याला तेच म्हणायला लावलंस.”

मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच जागा. मीटर बिघडलेला नव्हता. प्रोब द्रावणात सोडताना इलेक्ट्रोडांच्या मध्ये हवेचा बुडबुडा अडकला होता, त्यामुळे विजेची वाट अरुंद झाली आणि आकडा कमी आला. बटण दाबल्यावर मीटरने तो बुडबुडाच खरा धरला. पुढच्या बाटल्यांत बुडबुडा नव्हता, पण त्याची भरपाई मात्र प्रत्येक आकड्यात चढत गेली. इतका फरक बरेच मीटर मुकाट्याने मान्य करतात. तो का पडला, हे विचारणं माणसाकडेच राहतं.

तिने नव्याने सुरुवात केली. प्रोब ऊर्ध्वपातित पाण्याने धुतला, झटकला, थोड्या प्रमाण द्रावणाने विसळून ते फेकून दिलं. बाटलीत परत ओतलं नाही. ताज्या द्रावणात प्रोब त्याच्या छिद्रांच्या वर बुडेल इतका सोडला, हलक्या हाताने ठोकला. एक बुडबुडा वर आला. मग तिने तापमान स्थिर होईपर्यंत वाट पाहिली, कारण अंशागणिक वाहकता सुमारे दोन टक्क्यांनी बदलते आणि मीटरची दुरुस्ती त्या तापमानावरच चालते. आता बटण दाबण्याआधीच १४०६ आलं. दाबल्यावर कॉन्स्टंट १.००.

त्या विहिरीचं पाणी १९०० निघालं.

“चांगलं आलं!” ती म्हणाली.

“चांगलं नाही, खरं आलं,” काका म्हणाले. “१९०० सुद्धा खारंच. काळी जमीन, निचरा नाही. सोडियम तपासल्याशिवाय शेरा बदलू नकोस.”

सकाळचे अहवाल घेऊन गेलेल्यांची यादी तिने पुढ्यात ओढली आणि त्या शेतकऱ्याला पहिला फोन लावला.

“दादा, सकाळचा कागद चुकलाय. चूक माझी. खरा आकडा त्याहून कमी आहे.”

“मंग पऱ्हाटीले देता येईन का ते पानी?”

“सोडियम पाहिल्याशिवाय सांगत नाही. उद्या सांगते.”

पलीकडे क्षणभर कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, “बरं झालं ताई, आजच सांगतलं. नव्या बोअरची गाडी उद्या येनार व्हती. थांबवतो तिले.”