मला तर दिसतंय!

पूर्वी पोस्टमननं टाकलेल्या कार्डाचा कोपरा फाडलेला दिसला, की मजकूर वाचण्याआधीच घरात रडारड सुरू व्हायची. कोपऱ्याला कुंकू असलं, की कोणाचं तरी लग्न! पत्रात काय आहे ते कोपराच सांगून टाकी. ई-मेलमध्ये कुंकू राहिलं नाही. फाटका कोपरा मात्र राहिला. चित्र दिसायचं तिथं रिकामा चौकोन येतो आणि त्याच्या कोपऱ्यात एक इवलंसं फाटकं चित्र. सुतक पाळावं लागत नाही, एवढंच समाधान.

गुडघ्यांमुळे आमचं नागपूरला बारशाला जाणं झालं नाही, म्हणून भाच्यानं मेल धाडली. ‘मामा, हा पाळण्यात’, ‘ही आत्या नाव ठेवताना’ असा मजकूर आणि मधूनमधून चार चौकोन. सौ.नं चष्मा लावून चारही चौकोन मन लावून पाहिले आणि निकाल दिला, ‘‘बाळ आईवर गेलंय.’’ मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, ‘‘असं कसं मामा? मला तर दिसतायत!’’

‘मला तर दिसतंय!’ जगातली निम्मी भांडणं या तीन शब्दांत आहेत. पुढाऱ्याला प्रगती दिसते, नवकवीला अर्थ दिसतो, गवयाला समेची जागा दिसते. समोरच्याला नुसता चौकोन. पण मला दिसतं म्हणून तुमच्यापर्यंत पोचलं, हे कुठल्या तर्कशास्त्रात बसतं?

मेलमधून चित्र धाडण्याच्या मुख्यतः दोन तऱ्हा आहेत. एक, चित्र पत्राबरोबरच पाठवायचं. मुळात ई-मेलला फक्त साधी अक्षरं समजत. चित्रं आणि आवाज पत्रातून नेण्याची रीत १९९२ साली ठरली. ती बसवणाऱ्यांपैकी नॅथनियल बोरेनस्टीन यांनी ११ मार्च १९९२ रोजी पत्राला जोडून काय धाडलं असेल? आपण स्वतः ज्यात गात त्या चौघांच्या चमूचा फोटो आणि त्या चमूचं गाणं! या रीतीत चित्राची अक्षरं करतात. तिनाची चार होतात, म्हणजे ओझं एक-तृतीयांशानं वाढतं. शिवाय चित्राला एक नंबर देतात आणि मजकुरात लिहितात, ‘अमुक नंबरचं चित्र इथं लावा.’ ओझं होतं खरं, पण जे द्यायचं ते घरपोच होतं.

दुसरी तऱ्हा म्हणजे चित्र आपल्याकडेच ठेवून पत्रात त्याचा नुसता पत्ता लिहायचा. लाडवांचा डबा न पाठवता ‘लाडू आमच्या फडताळात, वरच्या कप्प्यात आहेत’ अशी चिठ्ठी पाठवण्यापैकीच हे. भाच्यानं आपल्या कुलूपबंद आल्बममधून फोटो उचलून पत्रात चिकटवले होते. चिकटले फक्त पत्ते. त्याचा संगणक दर वेळी त्याच्या किल्लीनं कुलूप उघडी, म्हणून त्याला बाळ दिसे. आमचा बिचारा दारातूनच परत येई. त्यानं फोटो आधी उतरवून घेतले, मग पत्राला जोडून पुन्हा पाठवले. बाळ बापावर गेलं होतं.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या तऱ्हेच्या पत्रांवर पुष्कळदा एक सूचना येते : ‘चित्रं अडवली आहेत, दाखवायची का?’ कुलूप नसतानाही चित्र अडवायचं कशाला? तर चित्र आणायला आपला संगणक पाठवणाऱ्याच्या दारी जातो, आणि दारातला मुनीम वहीत टिपून ठेवतो : अमक्यानं पत्र उघडलं, इतक्या वाजता, साधारण अमुक गावाहून. काही महाभाग तर एका ठिपक्याएवढं, डोळ्यांना न दिसणारं चित्र केवळ या टिपणीसाठीच घालतात. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक २००३ नं म्हणूनच बाहेरची चित्रं विचारल्याशिवाय आणायची नाहीत असा शिरस्ता घातला. गूगलनं २०१३ च्या डिसेंबरापासून ती आपल्यामार्फत आणवायला सुरुवात केली. गाव झाकलं गेलं, ‘उघडलं’ हे मात्र बरेचदा कळत राहिलं. अॅपलनं २०२१ साली अशी सोय दिली की पत्र वाचा, न वाचा, चित्र आधीच आणून ठेवायचं. मुनिमाच्या वहीला अर्थच उरला नाही!

तुम्ही म्हणाल, कळलं तर कळलं! रजिस्टर पत्राला पोचपावती नव्हती का? होती. पण ती आपण आपल्या हातानं सही करून देत होतो. इथं सही आपले डोळे करतात, आणि आपल्याला पत्ताच नसतो.

बरं, पाठवणाऱ्याची इच्छा काही पाप नव्हे. मुंबईला शिकणाऱ्या मुलाला पत्र टाकून चार दिवस पोस्टमनची वाट पाहणाऱ्या आईलाही ते वाचलं की नाही हे कळावंसं वाटेच. म्हणून तर शेवटी ‘पत्र पोचल्याचे कळवावे’ अशी ओळ असे. त्या ओळीत विनंती होती. मुलगा आळशी असेल तर आळस करायची मोकळीक होती. आणि मोकळीक होती म्हणूनच उत्तर आलं की त्याला किंमत होती. मुनिमाच्या वहीत ‘वाचलं’ अशी नोंद सापडली म्हणून त्या आईचं समाधान झालं असतं? तिला त्यानं वाचलं हे हवं होतं, त्याहून त्यानं ते आपणहून कळवलेलं हवं होतं.

म्हणजे देण्याचेही दोन प्रकार झाले. एकात वस्तू आपली होते, आणि ती पाहिली की नाही हे आपण आणि आपला देव जाणे. दुसऱ्यात दोरीचं एक टोक देणाऱ्याच्या हातात राहतं; आपण गाठ सोडायला गेलो की तिकडे घंटा वाजते. दुकानदारानं दोरी ठेवली तर तो त्याचा धंदा आहे. निदान त्यानं विचारावं तरी. माणसांनी माणसांना पाठवताना मात्र एक-तृतीयांश ओझं खुशाल वाढू द्यावं, आणि शेवटी लिहावं : पोचल्याचे कळवावे.